दुसरा भाग: ‘वॉरियर विदिन’ आणि त्याचे परीक्षक

(धावडा, ता. भोकरदन, जि. जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेली ज्येष्ठ मंडळी, आया-बहिणी, आणि तिकडे मागे मोटारसायकलींना टेकून उभी असलेली तरुण मंडळी. मागच्यांनी पुढे यावं, जागा आहे. आजचा विषय खरं तर तुमचाच आहे.

पत्रिकेवर ‘व्हिडिओ गेमची समीक्षा’ असं छापलेलं वाचून काही जणांना वाटलं असेल, की व्याख्यानमालेत आता हेच व्हायचं राहिलं होतं. (हशा) वाटू द्या. पण एक हिशोब करून बघा. आपल्या घरातली पंधरा ते पंचवीस वयाची मुलं दिवसातला किती वेळ वाचण्यात घालवतात आणि किती वेळ मोबाइलवर खेळण्यात? उत्तर तुम्हाला माहीत आहे. आता दुसरा हिशोब. त्या खेळांबद्दल आपल्या घरात मराठीत किती वाक्यं बोलली जातात? माझ्या मते दोन. आईचं वाक्य, ‘ठेव तो मोबाइल, डोळे फुटतील.’ आणि पोराचं वाक्य, ‘थांब ना, लय भारी चाललंय.’ मधे काहीच नाही. नाटकावर, सिनेमावर, तमाशावर आपण तासन्‌तास वाद घालतो. अमक्याचं काम पडलं, शेवट ओढूनताणून केला, असं पारावर बसून बोलतो. गेमच्या वाट्याला मात्र ‘वाईट’ आणि ‘भारी’ हे दोनच शब्द. मला आज त्या मधल्या रिकाम्या जागेत थोडं उभं राहायचंय.

त्यासाठी मी एकच गेम घेतलाय. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: वॉरियर विदिन’. साल २००४. म्हणजे जुना. जुना मुद्दामच घेतला, कारण त्यावरची भांडणं आता निवलीत, आणि निवलेल्या गोष्टीकडे नीट बघता येतं. दुसरं कारण असं, की हा एका गाजलेल्या गेमचा दुसरा भाग आहे. आणि दुसऱ्या भागाला लोक कसे स्वीकारतात, हे बघितलं की समीक्षा कशी चालते ते उघडं पडतं.

आधी दोन शब्द वेगळे करू. परीक्षण आणि समीक्षा. परीक्षण म्हणजे घ्यावं की घेऊ नये. बियाणं घेताना आपण दुकानदाराला विचारतो ना, ‘कसं आहे हे वाण, घेऊ का?’ तसं. समीक्षा म्हणजे पीक उभं राहिल्यावर बांधावर उभं राहून केलेला विचार. काय उगवलं, का उगवलं, जमिनीनं काय दिलं, आपण काय चुकलो. गेमच्या जगात बहुतेक लिखाण पहिल्या प्रकारचं असतं. त्यालाही कारण आहे. २००४ साली अमेरिकेत एका नव्या गेमची किंमत साधारण पन्नास डॉलर होती. एवढे पैसे टाकण्याआधी माणूस विचारणारच. म्हणून मासिकं गुण द्यायची. चित्रं, आवाज, हाताळणी, लांबी, सगळ्याला वेगवेगळे गुण. मग मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी त्या सगळ्या गुणांची शंभरपैकी सरासरी निघायची. दहावीच्या निकालासारखं. आणि दहावीच्या निकालासारखंच, टक्का लक्षात राहतो, पोरगं काय शिकलं ते कुणी विचारत नाही.

आता पहिला भाग. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव मुळात १९८९ चं. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणानं जवळजवळ एकट्यानं बनवलेला साधा, सपाट गेम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या शाळा-कॉलेजांत संगणक आले, तिथे काळ्या पडद्यावरच्या डॉसच्या जमान्यात तो अनेकांनी पाहिला असेल. पांढरे कपडे घातलेला राजपुत्र, खाली टोकदार सळया. २००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियलच्या स्टुडिओनं त्याच नावानं नवा गेम काढला, ‘द सँड्स ऑफ टाइम’. कथा मेकनर यांचीच.

या कथेची सुरुवात कुठे होते माहितीय? भारतात. पर्शियाचा राजा आणि त्याचा राजपुत्र एका भारतीय महाराजाचा राजवाडा लुटतात. फंदफितुरी करतो महाराजाचाच वजीर. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत आपणच लुटले जातो. (हशा) त्या लुटीत राजपुत्राला एक खंजीर मिळतो. त्यानं काळ मागे फिरवता येतो. कड्यावरून पडलात, खंजिराची कळ दाबा, काळ उलटा, तुम्ही परत कड्यावर. वजिराच्या नादी लागून राजपुत्र काळाची वाळू मोकळी करतो, सगळा महाल राक्षसांनी भरतो, आणि त्याच्यासोबत उरते ती महाराजाची कैद झालेली मुलगी, फरा. सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः सांगतोय. खेळताना तुम्ही मेलात, की तो सावरून घेतो, अशा अर्थानं की ‘छे, असं नव्हतं झालं, परत सांगतो.’ किती साधी आणि किती हुशार युक्ती! मरण म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याची चूक. आणि तो हे कुणाला सांगत होता, ते शेवटी कळतं. फरालाच. काळ मागे फिरवल्यामुळे तिला यातलं काहीच आठवत नाही.

परीक्षक खूश झाले. सरासरी नव्वदीच्या पुढे. तक्रार एकच, पण बऱ्याच जणांची. लढाई कंटाळवाणी आहे. उड्या, भिंतीवरून धावणं, कोडी, गोष्ट, सगळं सुरेख. तलवार काढली की मात्र तेच ते. आणि कंपनीची तक्रार वेगळी. कौतुकाच्या मानानं गेम सुरुवातीला म्हणावा तसा खपला नाही.

आता इथे लक्ष द्या, कारण आजचं माझं म्हणणं यावर उभं आहे. दुसरा भाग ही नुसती पुढची गोष्ट नसते. दुसरा भाग म्हणजे पहिल्या भागावर जे बोललं गेलं त्याला बनवणाऱ्यांनी दिलेलं उत्तर असतं. परीक्षक म्हणाले लढाई सुधारा, बाजार म्हणाला खप वाढवा. जेमतेम वर्षभरात, २००४ च्या अखेरीस, उत्तर आलं. ‘वॉरियर विदिन’.

लढाई खरोखर सुधारली होती. दोन हातांत दोन शस्त्रं, शत्रूचं शस्त्र हिसकावून त्याच्यावरच फेकायचं, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करायचा. मागितलं होतं ते दिलं. पण त्यासोबत न मागितलेलंही आलं. पहिल्या भागातला थोडा शिष्ट, थोडा बावळट, बोलका राजपुत्र गेला आणि त्या जागी कायम दात-ओठ खाणारा, शिव्या देणारा माणूस आला. त्याचा आवाजही बदलला. पहिल्या वेळी युरी लोवेन्थल होते, आता रॉबिन ॲटकिन डाउन्स. उन्हात न्हालेले महाल गेले, करडे आणि काळपट दगड आले. पार्श्वसंगीतात गॉडस्मॅक या अमेरिकी बँडची हेवी मेटल गाणी आली. रक्त आलं. अमेरिकेत पहिला भाग तेरा वर्षांच्या पुढच्यांसाठी होता, दुसरा सतरा वर्षांच्या पुढच्यांसाठी ठरला. बायकांच्या पात्रांना जे कपडे दिले, त्यांना कपडे म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे.

परीक्षक चक्रावले. सरासरी ऐंशीच्या थोडी वर आली. नापास कुणीच केलं नाही, पण सूर एकच. हात सुधारला, जीव गेला. मेकनर या भागाच्या निर्मितीत नव्हते. त्यांनीही नंतर उघडपणे सांगितलं, की या भागाची कलादृष्टी आणि हिंसा त्यांना रुचली नाही. ज्यानं बाळाला जन्म दिला तोच म्हणतो, हे माझं वळण नाही.

मग परीक्षक बरोबर होते का?

निकाल बऱ्याच अंशी बरोबर होता. कारण मात्र अपुरं दिलं. कसं, ते सांगतो.

दुसऱ्या भागाची गोष्ट बघा. सात वर्षं उलटलीत. नियम असा, की जो काळाची वाळू मोकळी करील त्यानं मेलंच पाहिजे. राजपुत्र काळ मागे फिरवून त्यातून निसटलाय. म्हणून काळाचा राखणदार, डहाका नावाचा काळाकुट्ट राक्षस, त्याच्या मागे लागलाय. सात वर्षं. दिवस नाही, रात्र नाही. शेवटी राजपुत्र ठरवतो, की काळाच्या बेटावर जायचं, भूतकाळात शिरायचं आणि वाळू तयार व्हायच्या आधीच ती तयार करणाऱ्या सम्राज्ञीला संपवायचं. वाळूच नसेल तर गुन्हाही नाही आणि शिक्षाही नाही. तो जातो, लढतो, सम्राज्ञीला मारतो. आणि तिच्या मरणातूनच वाळू तयार होते. जे टाळायला गेला तेच त्यानं स्वतःच्या हातानं घडवलं.

ही गोष्ट ओळखीची वाटते ना? भागवत सप्ताहात बसलेल्या कुणालाही ओळखू येईल. परीक्षित राजा. सातव्या दिवशी तक्षक डसेल असा शाप. महाभारतातला परीक्षित काय करतो? एका खांबावर महाल बांधतो, पहारे बसवतो, वैद्य आणि मंत्र जाणणारे गोळा करतो. आणि तक्षक फळातल्या किड्याच्या रूपानं आत येतोच. भागवतातला परीक्षित काय करतो? गंगेच्या काठी बसतो आणि शुकाचार्यांकडून कथा ऐकतो. एकच राजा, एकच शाप, दोन वागणुका. आपला हा गेममधला राजपुत्र म्हणजे एका खांबाच्या महालातला परीक्षित. गंमत म्हणजे डहाका हे नावही पर्शियाच्या जुन्या पुराणातल्या ‘अझी दहाक’ या सर्पावरून आलंय. तिकडचा ‘अझी’ आणि आपला संस्कृत ‘अहि’ हे एकाच मुळाचे शब्द. इकडे तक्षक साप, तिकडे दहाक साप. मृत्यूला दोन्हीकडच्या लोकांनी एकच अंग दिलंय.

आता सांगा, सात वर्षं मरण पाठीवर घेऊन पळणारा माणूस पहिल्या भागासारखा हसतमुख कसा राहील? तो बदलायलाच हवा होता. परीक्षकांनी तक्रार केली, की राजपुत्र बदलला. माझी तक्रार आहे, की तो चुकीचा बदलला. ज्या माणसाच्या मागे काळ लागलाय त्याच्या तोंडावर भीती हवी, झोप नसलेले डोळे हवेत. गेमनं भीतीच्या जागी राग भरला, आणि रागाच्या जागी गिटारचा गोंगाट. डहाका मागे लागतो, आपण कोसळत्या वाटेवरून जीव मुठीत धरून पळतो, तेव्हा गोष्ट आपली छाती धडधडवते. आणि वर ते संगीत सांगत असतं, काय मजा आहे बघा. हात भीतीचा खेळ खेळतायत आणि कान माजाचं गाणं ऐकतायत. हा तो दोष. ‘गेम काळोखी झाला’ एवढं म्हणून तो दोष पकडता येत नाही.

दुसरी तक्रार होती, की त्याच त्या जागांवरून पुन्हापुन्हा जावं लागतं. किल्ला एकच, पण दारं अशी की एकातून शिरलात की भूतकाळ, परत आलात की वर्तमान. भूतकाळातला भरला दरबार वर्तमानात पडका. बऱ्याच परीक्षकांना ही काटकसर वाटली. एकच नकाशा दोनदा विकला म्हणे. मला वाटतं गेमचं खरं बळ इथेच आहे. अजिंठा इथून जवळ. लेणीत उभं राहिल्यावर आपण काय करतो? समोर गिलावा पडलाय, रंग उडालेत, आणि आपण मनातल्या मनात तो रंग परत भरतो. एकाच भिंतीवर आपल्याला दोन काळ दिसतात. हा गेम तेच काम आपल्या पायांकडून करून घेतो. आत्ता जी भिंत पडलीय, तिच्यावरून तुम्ही भूतकाळात धावला होतात. वाट आठवते, पण वाट उरलेली नाही.

आणि एक जागा तर अशी आहे, की भल्याभल्या कादंबरीकारांनी टोपी काढावी. सुरुवातीला एक काळी आकृती राजपुत्राच्या आसपास घुटमळताना दिसते. शत्रू वाटते. एका प्रसंगी डहाका तिलाच गिळतो आणि आपला राजपुत्र वाचतो. बऱ्याच वेळानं राजपुत्र एक मुखवटा चढवतो, त्याचं रूप पालटतं, आणि तो त्याच प्रसंगांमध्ये परत येतो. ती काळी आकृती तोच असतो. आधी जे प्रसंग समोरून बघितले, तेच आता दुसऱ्या बाजूनं खेळायचे. आता डहाकानं आपल्याला गिळायचं नाही, तर त्या जुन्या स्वतःला गिळायला हवं. सिनेमात हे आपण नुसतं पाहिलं असतं. गेममध्ये ते आपण करतो. शंभरपैकी त्र्याऐंशी म्हणून हे कसं सांगणार? सांगताच येत नाही. परीक्षण इथे थकतं. इथून पुढे समीक्षेचं काम.

आता आपल्याकडे या.

हा गेम महाराष्ट्रात कसा पोचला? दुकानातून पन्नास डॉलर देऊन घेणारे मोजके. बाकी सगळा कारभार सायबर कॅफेचा आणि कॉपी केलेल्या डिस्कचा. ते बेकायदेशीर होतं, हे सांगून टाकतो. पण पोचला तो तसा, हेही खरं. तासाला दहा-वीस रुपये, आणि एका खुर्चीमागे चार जण उभे. ज्या गावांत तेही नव्हतं, तिथे बटणांचा मोबाइल होता. गेमलॉफ्ट या कंपनीनं ‘वॉरियर विदिन’ याच नावाचा छोटा, सपाट गेम साध्या फोनसाठी काढला होता. इथे बसलेल्या तिशी-पस्तिशीतल्या काही जणांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं दिसतंय मला. (हशा)

यातून झालं काय? अनेकांनी दुसरा भाग आधी पाहिला. पहिला नंतर, किंवा कधीच नाही. जी डिस्क हाताला लागली ती. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर उशिरा येऊन बसलेला माणूस असतो ना, तसे हे प्रेक्षक. त्याला निरूपण माहीत नाही, पण आख्यान रंगलं तर तो रंगतो. त्याच्यासाठी राजपुत्र बदललाच नव्हता. तो पहिल्यापासून असाच होता. अमेरिकेतला परीक्षक जे हरवलं म्हणून रडत होता, ते याच्याकडे कधी नव्हतंच. म्हणून परीक्षकांनी नाक मुरडलेला भाग आपल्याकडे कितीतरी जणांचा लाडका झाला. त्या वयातल्या कुणालाही विचारून बघा, डहाकाचं नाव काढा आणि गंमत बघा.

म्हणजे आपले लोक बरोबर आणि परीक्षक चूक, असं मी म्हणत नाही. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस आख्यानाचा उत्तम जाणकार असू शकतो, पण आख्यान कशासाठी लावलं ते त्याला कळत नाही. आणि पूर्वरंगात अडकलेला माणूस पुढे काय गायलं ते ऐकतच नाही. दुसऱ्या भागाची समीक्षा करणाऱ्यानं आधी सांगायला हवं, की मी कुठून आलोय. माझ्या हातात पहिला भाग आहे की नाही.

पुढे बघा कसं झालं. परीक्षकांचं बोलणं कंपनीनं ऐकलं. २००५ च्या अखेरीस तिसरा भाग आला, ‘द टू थ्रोन्स’. जुना आवाज परत, फरा परत, ऊन परत. आणि दुसऱ्या भागातला तो रागीट माणूस? त्याला टाकून दिलं नाही. तो राजपुत्राच्या मनात एक दुसरा, काळा राजपुत्र बनून राहिला आणि आतून बोलायला लागला. टीकेला गोष्टीतच जागा दिली. तिन्ही भाग ओळीनं ठेवले, की बनवणारे आणि बोलणारे यांचा तीन वर्षं चाललेला संवाद दिसतो. माँट्रियल बोलतंय, अमेरिका-युरोपातली मासिकं बोलतायत. तालुक्याच्या गावातल्या कॅफेत चौघांत एक खुर्ची घेऊन बसलेला आपला पोरगा या संवादात कुठे आहे? तो खेळतोय. त्याचं मत आहे, चांगलं पक्कं मत आहे. पण ते कुठे लिहिलं गेलं नाही, त्याच्या भाषेत तर नाहीच. म्हणून त्याला उत्तरही मिळालं नाही.

याची किंमत काय, ते २०२० साली दिसलं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं बनतोय आणि तो पुणे-मुंबईचे स्टुडिओ बनवतायत. जी गोष्ट भारतीय महाराजाच्या लुटीनं सुरू होते, ती सतरा वर्षांनी आपल्या दारी आली. अभिमान वाटावा असा क्षण. पण छोटीशी झलक बाहेर पडली आणि जगभरातून टीका सुरू झाली. चित्रं जुनाट दिसतायत, चेहरे निर्जीव आहेत. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये कंपनीनं सांगितलं, की काम आता माँट्रियलकडे.

झलक कमकुवत होती, हे मान्य करायला हवं. पण झलकेवरून काय ठरवता येतं? चित्र कसं दिसतं, तेवढंच. उडी कशी लागते, काळ मागे फिरवताना हाताला काय वाटतं, त्यातलं एक अक्षर झलकेतून कळत नाही. आणि काहींनी तर गेमपेक्षा स्टुडिओच्या पत्त्यावरच बोट ठेवलं. आपल्याकडे त्यावर काय झालं? अर्ध्यांनी लाज वाटून मान खाली घातली, अर्ध्यांनी देशाचा अपमान म्हणून बाह्या सरसावल्या. शांतपणे ‘हे जमलंय, हे जमलेलं नाही, आणि हे अजून कळायचंय’ असं सांगणारं लिखाण मराठीत माझ्या तरी डोळ्यांसमोर आलं नाही.

त्याच वर्षी पुण्याचाच दुसरा गेम आला. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. सर्कशीत काम करणारी राजी, तिचा पळवलेला भाऊ गोलू, असुर, दुर्गेचा त्रिशूल. भिंतीवरून धावणारी, खांबांवर चढणारी राजी बघितली की प्रिन्सची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बाहेरच्या परीक्षकांनी राजस्थानी महाल, चित्रशैली, पुराणकथा यांचं कौतुक केलं. लढाई थोडी अडखळते, गेम छोटा आहे, शेवट तुटतो, असंही म्हटलं. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. बाहेरच्या माणसाला त्यातली देवळं आणि देव नवे वाटले, म्हणून तो भारावला. आपल्याला ते नवे नाहीत. म्हणूनच आपला प्रश्न वेगळा हवा. ही दुर्गा आपल्या नवरात्रातली आहे का, की पर्यटनाच्या जाहिरातीतली? हा प्रश्न न्यूयॉर्कचा परीक्षक विचारू शकत नाही. तो इथूनच विचारला गेला पाहिजे.

दुसरा भाग हे पहिल्यावरच्या बोलण्याला दिलेलं उत्तर असतं, असं मी म्हटलं. आपण बोललोच नाही, तर पुढचा भाग दुसऱ्याच कुणाच्या बोलण्याला उत्तर देत राहील, आणि आपण नुसते खेळत राहू.

प्रश्नोत्तरं

एक शिक्षक: सर, पोरं अभ्यास सोडून गेममध्येच असतात. त्यांना वर समीक्षा शिकवायची म्हणजे आगीत तेल नाही का?

उत्तर: गुरुजी, तुमची काळजी खरी आहे. पण बघा, ‘वॉरियर विदिन’ संपायचा. आठवडा लागो, महिना लागो, शेवट यायचा आणि पोरगं उठायचं. आज मोबाइलवरचे बरेच गेम संपतच नाहीत. ते तसेच बनवलेत. रोज हजेरी लावा, बक्षीस घ्या, नवा पोशाख विकत घ्या. ‘हा गेम संपतो का? नसेल तर का नाही? त्यातून पैसे कुणाला मिळतात?’ हे समीक्षेचेच प्रश्न आहेत. ‘ठेव तो मोबाइल’ म्हणून पोरगं ठेवत नाही, हा तुमचाही अनुभव असेल. हे प्रश्न त्याला स्वतःला पडले, तर एखादे वेळी ठेवेल. खात्री देत नाही. पण ओरडण्यापेक्षा हे करून बघण्यासारखं आहे.

एक विद्यार्थिनी: तुम्ही बायकांच्या कपड्यांबद्दल एक वाक्य बोलून पुढे गेलात. तो दोष नाही का?

उत्तर: दोषच आहे, ताई, आणि मोठा. कायलीना, म्हणजे ती सम्राज्ञी, गोष्टीतलं सगळ्यात करुण पात्र आहे. राजपुत्राइतकंच तिलाही स्वतःचं मरण माहीत आहे आणि तीही ते टाळायला धडपडतेय. म्हणजे गोष्टीत दोन परीक्षित आहेत, त्यातली एक बाई. लेखकानं तिला हे दुःख दिलं आणि कॅमेरा तिच्या अंगावर फिरवला. कॅमेऱ्यानं लेखणीला पाडलं. आणखी एक सांगतो. सगळी गुप्त बळं शोधली तर एक वेगळा शेवट मिळतो. त्यात राजपुत्र तिला मारत नाही, दोघं मिळून डहाकाशी लढतात. तिसरा भाग त्या शेवटापासून पुढे जातो. म्हणजे बनवणाऱ्यांनाही कुठेतरी कळलं होतं, की तिला वाचवणं हाच खरा शेवट.

मागून एक तरुण: सर, आम्हाला लिहायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर: एक पान. तुम्ही खेळलेला एकच गेम. दोन शब्द वापरायचे नाहीत, ‘भारी’ आणि ‘बोगस’. (हशा) गेममधली एक जागा निवडा. तिथे तुमच्या हातानं काय केलं आणि तेव्हा मनाला काय वाटलं, एवढंच लिहा. दोन्ही जुळलं का, नाही जुळलं तर का नाही. मराठीत लिहा, आपण घरी बोलतो त्या मराठीत. शब्द अडला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, कुणी मारत नाही. आणि लिहून झालं की घरात वाचून दाखवा. आईला कळलं, तर लेख जमला.